हाकाऱ्यातला सहावा माणूस

आश्विनातला दुसरा रविवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. रक्कम चौदा हजार रुपये, रोख, जनावर उचलतानाच. हजर: मी, माझा मेहुणा बबन, आणि भुईमुगाच्या वाफ्यात उजव्या कुशीवर पडलेला रानडुकराचा एक नर, वजन अंदाजे नव्वद किलो. चौदा हजार देणारा तिथं नव्हता. तो हायवेवरच्या एका ढाब्याचा मालक, बबनच्या फोनवर होता आणि फोनचा स्पीकर चालू होता. त्याला मेलेलं डुक्कर हवं होतं. मला हात धुवायला पाणी हवं होतं. पाणी विहिरीत होतं आणि पंप उघडून पडला होता, कारण पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला पंचवीस मिनिटांपूर्वी पिकअपमध्ये आडवं घालून चाकणला नेलं होतं.

याला चार वर्षं झाली. दरवर्षी आश्विन लागला की चिंचवड स्टेशनबाहेर उकडलेल्या शेंगांच्या गाड्या लागतात. ओल्या मातीचा, मिठाच्या पाण्याचा वाफाळ वास पुलापर्यंत येतो. मंदा, माझी बायको, म्हणते, "घ्या की पाव किलो." मी घेतो. कागदाचा पुडा हाताला गरम लागतो. पहिली शेंग दाताखाली फुटते आणि त्या आवाजाला माझी मान आपोआप मागे वळते. रानडुकरं शेंगा खातात तेव्हा हाच आवाज येतो, फक्त एक शेंग नाही, शंभर. संध्याकाळी बांधावर उभं राहिलं तर जाड पानांच्या खालून तो ऐकू येतो, कुणीतरी अंधारात बसून सुपारी फोडत असावं तसा. मध्येच एक हुंकार. मग पुन्हा फोडणं.

बबनची जमीन चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या पत्र्याच्या शेडांमागे आहे. मुळात अकरा एकर. आठ एमआयडीसीत गेले, तीन उरले. त्यातल्या चाळीस गुंठ्यांत भुईमूग. काढणीच्या आधीचे पंधरा दिवस सगळ्यात वाईट. शेंग भरलेली असते, पानं पिवळी पडू लागतात, सकाळी दवानं पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो आणि दुपारी उकाड्यानं डोकं ठणकतं. याच पंधरा दिवसांत डुकरं येतात. ती पीक नुसतं खात नाहीत. नाक जमिनीत खुपसून नांगरासारखी ओढत नेतात. सकाळी रान पाहिलं तर कुणीतरी रागानं फाडलंय असं वाटतं: मुळं वर, वेल उलटे, फुटलेली टरफलं, आणि मऊ मातीत दोन बोटांचे खोल ठसे. आदल्या वर्षी नऊ पोती यायची तिथं तीन आली होती. बबनची आई त्या फाडलेल्या सरीत उकिडवी बसून उरलेल्या शेंगा वेचत होती आणि प्रत्येक शेंगेमागे एक शिवी देत होती. तिला मी त्याआधी कधी शिवी देताना ऐकलं नव्हतं.

रानडुकराचं मांस मी पहिल्यांदा खाल्लं ते लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात, याच गावात. कायदा तेव्हाही होता, गावाला त्याची ओळख नव्हती. माझे सासरे आणि चार-पाच जणांनी भाल्यांनी एक मादी मारली होती. ती मरायला फार वेळ लागला. मी शहरातला नवा जावई, लांब उभा होतो, तरी तिचा आवाज ऐकू येत होता. मग पळसाच्या पानांवर वाटे घातले. बावीस वाटे. प्रत्येकात थोडं हाड, थोडी चरबी, थोडं लुसलुशीत. ज्याचे कुत्रे धावले त्याला एक जास्त, ज्याच्या रानात पडलं त्याला एक जास्त, गावातल्या दोन विधवांना एकेक. वाटप कसं करायचं, तर एकानं पाठ फिरवून उभं राहायचं. दुसऱ्यानं एका वाट्याला काठी लावून विचारायचं, "ह्यो कुणाचा?" पाठ फिरवलेल्यानं नाव घ्यायचं. कलेजी कुठल्या पानावर आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून भांडण नाही. त्या वर्षी पाठ फिरवून मला उभं केलं, कारण मला गावातलं कुणीच नीट माहीत नव्हतं. मी लिंबाच्या झाडाकडे तोंड करून यादीतली नावं घेत गेलो. माझ्या मागे मांस होतं, माश्या होत्या, आणि बावीस घरं गप्प उभी होती. आकड्यांवर चालणारा इतका चोख व्यवहार मी पुढे कंपनीतही फार वेळा पाहिला नाही.

त्यात पैसा नव्हता. ज्याला भाव नाही असं ते मांस होतं. मग कंपन्या आल्या, हायवे रुंद झाला, ढाबे आले, पुण्याहून गाड्या घेऊन येणारे लोक "काही रानटी मिळेल का?" असं हळूच विचारू लागले. सशाला भाव आला, भेकराला आला, डुकराला आला. बावीस वाट्यांचे दोन झाले: मारणाऱ्याचा आणि विकत घेणाऱ्याचा.

त्या वर्षी बबननं पीक वाचवण्यासाठी रानडुक्कर मारायची रीतसर परवानगी काढायची ठरवली. त्याच्याकडे वडिलांच्या नावावरून आलेली परवान्याची दुनळी बंदूक होती. अर्जाबरोबर अट आली: सहा माणसांची नावं द्या, सहाही जणांनी अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणाला हजर राहा. बबन चिंचवडला घरी आला आणि म्हणाला, "दाजी, तुमी चला. तुमाला फॉर्म भरायची हौस हाय."

हौस नाही, सवय आहे. सव्वीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे. तिथं येण्याआधी दोन वर्षं प्रेस शॉपमध्ये होतो. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. नवीन माणसाला ते वैतागवाणं वाटतं. मलाही वाटायचं. मग एका जुन्या ऑपरेटरनं उजवा हात पुढे करून दाखवला. त्याला तीन बोटं होती. "ही दुसरं बटण यायच्या आधीची," तो म्हणाला. तेव्हापासून कुठलाही नियम वाचला की त्याच्या मागे कुणाचं काय तुटलं असेल, हे माझ्या डोक्यात येतं. छापलेली ओळ दिसते आणि तिच्याखालचं रक्तही दिसतं. निदान मला तसं वाटायचं.

प्रशिक्षण वनखात्याच्या एका हॉलमध्ये होतं. एकतीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, दोनदा चहा. आधी जनावरांच्या डॉक्टरांनी पडद्यावर फोटो दाखवले: निरोगी कलेजी, पांढरे ठिपके असलेली कलेजी, सुजलेल्या गाठी, फेस आलेलं फुप्फुस. गोळी पोटातून गेली की आतलं सगळं कसं सडतं, हातमोज्याशिवाय का शिवायचं नाही, मरण्याआधी जनावर झिंगल्यासारखं चालत होतं का हे आठवून का सांगायचं, हे सगळं त्यांनी समजावलं. मागच्या रांगेतून एकानं विचारलं, "डागदर, चांगलं शिजवून खाल्लं तर?"

"खायचं नाहीच आहे तुम्हाला. पुरायचं आहे."

"मग कलेजी बगायला कशापायी शिकवताय?"

हॉल हसला. डॉक्टरही हसले. म्हणाले, रोगी जनावर सापडलं तर आम्हाला कळायला हवं, तुमच्या शेजारच्या पाळीव डुकरांना तोच रोग लागतो. मग त्यांनी सांगितलं की काही देशांत शिकाऱ्याला अशाच वर्गात बसवतात, परीक्षा घेतात, आणि पास झालेला माणूस रानातलं हरीण मारून, आतडी-फुप्फुस स्वतः तपासून, सही केलेला बिल्ला बांधून बाजारात विकू शकतो.

"म्हंजी तिकडं हरणाला पावती, आन् हितं आमाला नोटीस," बबन म्हणाला. पुन्हा हशा.

वनखात्याचे साहेब मात्र हसले नाहीत. निवृत्तीला आलेले, आवाज बसलेला माणूस. ते म्हणाले, "मारलेलं जनावर सरकारचं. एक किलोसुद्धा कुणाला द्यायचं नाही, विकायचं तर नाहीच. का ते सांगतो. मेलेल्या डुकराला चौदा-पंधरा हजार मिळू लागले की पिकाचं नुकसान कुठं झालं हे कुणी विचारत नाही. मग डुक्कर संपतं, पण नुकसानीचे अर्ज संपत नाहीत."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. बाकीचंही लिहिलं. हाकारा, म्हणजे डबे वाजवून जनावर रानातून बाहेर काढणं, सहा माणसांशिवाय घालायचा नाही: एक बंदूकवाला, एक वेळ आणि नोंद ठेवणारा, चार बाजूंना चार जण. जनावर पडलं तरी घड्याळ लावून पाच मिनिटं कुणी जागा सोडायची नाही. पाठीवरचे केस उभे असले तर ते जिवंत आहे असं धरायचं. यादीबाहेरचा माणूस रानात नको. एकूण अकरा मुद्दे झाले. मी ते घरी स्वच्छ अक्षरात उतरवून काढले आणि सहा प्रती केल्या.

त्या रविवारी आम्ही सातला रानात होतो. कंपनीचा पहिल्या पाळीचा भोंगा नुकताच झाला होता. भुईमुगाला लागून मक्याचा एक तुकडा होता, त्यात नर आहे हे ठशांवरून नक्की झालं होतं. सहाजणांपैकी पाच आले: बबन, मी, शेजारच्या रानातले दोघे भाऊ आणि गावातला आणखी एक. सहावा, बबनचा पुतण्या, रात्रीच्या शिफ्टला गेला होता. त्याला ओव्हरटाइमला थांबवून घेतलं. फोनवर म्हणाला, "काका, सुपरवायझर सोडत नाही." बबन म्हणाला, "पाचात भागवू." मी म्हणालो, नाही, सहा म्हणजे सहा. उत्तरेची बाजू मोकळी ठेवून हाकारा घालायचा नाही.

आणि तेव्हा मला विहिरीवर सलीमभाई दिसले.

सलीमभाईंचं काळेवाडीत मोटर वाइंडिंगचं दुकान. आमच्या सोसायटीची पाण्याची मोटर नऊ वर्षं तेच बघत. बबनचा पंप बसला तेव्हा त्यांना मीच सुचवलं होतं. सकाळी वीज असते म्हणून ते सहालाच येऊन विहिरीच्या काठावर पंप उघडून बसले होते. विहिरीपासून उत्तरेच्या बांधातली खिंड चाळीस पावलांवर.

मी म्हणालो, "सलीमभाई, दहा मिनिटं त्या खिंडीत उभं राहता का? नुसता डबा वाजवायचा."

"साहेब, डुकराचं काम मला सांगता? घरी शबानाला कळलं तर महिनाभर चहात मीठ घालील."

"आरं हात नको लावू भावा," बबन म्हणाला. "वाजवल्यानं काय बाटत न्हाई."

"बाटायचं सोडा हो. ते माझ्याकडं आलं तर?"

"तुझ्याकडं कशाला येतंय? त्याला म्हाईत हाय, तू खात न्हाईस."

सगळे हसले, तेही हसले. पान्हा खाली ठेवून त्यांनी फडक्यानं हात पुसले, तेलाचा रिकामा डबा घेतला आणि खिंडीत जाऊन उभे राहिले. मी कागदावर सहाव्या चौकटीत बरोबरची खूण केली. अकरा मुद्द्यांची जास्तीची प्रत माझ्या खिशात होती. ती मी त्यांना दिली नाही. पाच मिनिटं जागा सोडू नका, हे सांगायला एक वाक्य लागलं असतं.

डबे वाजू लागले. मका हलला, मग थांबला, मग एका रेषेत आमच्याकडे हलत आला. नर बाहेर आला तो धावत नव्हता, दुडक्या चालीनं येत होता, काळा, खांद्याशी उंच, तोंडाच्या दोन्ही बाजूंना पिवळे सुळे. बबननं बार टाकला. खांद्यावर बसला. जनावर पुढच्या गुडघ्यांवर आपटलं, नाकानं वाफा फाडत दोन हात सरपटलं आणि कुशीवर पडलं. बारुदीचा वास, आणि त्याच्याखाली उपटलेल्या ओल्या शेंगांचा वास. सात वाजून चोवीस मिनिटं. मी घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

पाच मिनिटं फार असतात. पहिल्या मिनिटात ते पाय झाडत होतं. दुसऱ्यात थांबलं. बबननं विचारलं, "दुसरा टाकू का?" मी म्हणालो, "थांब, वेळ होऊ दे." तीन मिनिटं चाळीस सेकंद झाले होते तेव्हा उत्तरेकडून डबा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही. माझी नजर सेकंदकाट्यावर होती. मग सलीमभाईंचा आवाज, अगदी जवळून: "झालं का साहेब?"

जनावराच्या पाठीवरचे केस उभे होते. ते मला त्या क्षणी दिसले. पुढचं फार जलद झालं. नर उठला असं म्हणता येणार नाही, तो पडल्या जागेवरूनच फेकला गेल्यासारखा पुढे आला. सलीमभाई मागे सरकले, वेलात पाय अडकून बसले, आणि त्यानं मान खाली घालून बाजूला झटका दिला. कापड फाटल्याचा आवाज आला. कापडच फाटलं असं मला वाटलं. दुसऱ्या झटक्याला सलीमभाई ओरडले. बबन बंदूक रोखून बाजूला धावत होता आणि "दाजी, हला! दाजी, हला!" म्हणत होता, पण दोघं एकात एक गुंतले होते, छर्ऱ्याला डुक्कर कुठलं आणि माणूस कुठला हे कळत नाही.

विहिरीवर पंप उचकटायची पहार पडली होती. ती मी कधी उचलली ते मला आठवत नाही. पहिला घाव पाठीवरून घसरला. दुसरा नाकाडावर बसला आणि माझ्या तोंडावर गरम शिंतोडे उडाले. तिसरा कानामागे. काहीतरी आत बसल्यासारखं झालं. चौथ्याला ते सैल पडलं. मी मारत राहिलो. बबननं मागून मला मिठी घातली तेव्हा पहार खाली पडली.

सलीमभाईंची उजवी मांडी गुडघ्याच्या वरपासून कमरेपर्यंत उघडी होती. मांस इतकं स्वच्छ दिसत होतं की मला पळसाची पानं आठवली आणि मी तिथंच ओकलो. बबननं डोक्याचा टॉवेल काढून वर आवळून बांधला. शेजारचे दोघे भाऊ पिकअप आणायला पळाले. सलीमभाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते मला म्हणाले, "साहेब, मोटरीचं कनेक्शन काढून ठेवा. वायर उघडी आहे. कुणी चालू करील." मी जाऊन कनेक्शन काढलं. हात लाल होते, स्विचवर ठसे उमटले.

पिकअप गेला, बरोबर यादीतला पाचवा आणि ते दोघे भाऊ गेले. जनावर सोडून जायचं नाही हा नियम, म्हणून बबन आणि मी थांबलो. तेव्हा ढाबेवाल्याचा फोन आला. बार ऐकून कुणीतरी त्याला कळवलं असणार. चौदा म्हणाला. मी नको म्हणालो तसा सोळा म्हणाला. बबननं फोन हातानं झाकला.

"दाजी, दवाखान्यात पयलं पैसंच इचारत्यात. फॉरेस्टच्या मॅडमला यायला तासभर हाय. जखमी होऊन जंगलात पळालं म्हणू."

"ते सरकारचं आहे, बबन."

"डुक्कर सरकारचं, मान्य. आन् मानूस कुणाचा?"

 मी फक्त त्याच्या हातातला फोन घेऊन बंद केला. त्या पैशांनी सलीमभाईंची पट्टी झाली असती तर ज्याला ते हातही लावणार नव्हते त्या मांसात त्यांचा वाटा पडला असता, असं मला वाटलं. पण हे नंतर सुचलेलं आहे. त्या वेळी मला फक्त नियम आठवत होता, आणि धरायला दुसरं काही नव्हतं.

वनरक्षक मॅडम नऊ वाजून पाच मिनिटांनी आल्या. पंचविशीतल्या, मराठवाड्याकडच्या बोलीच्या. त्यांनी सुळे मोजले, फोटो काढले, हातमोजे घालून पोट उघडून कलेजी पाहिली, ठिपके नाहीत असं लिहिलं. मग विचारलं, "हजर कोण कोण होतं?"

"आमी पाच," बबन लगेच म्हणाला. "मिस्तरी हिरीवर पंपाचं काम करत व्हता. डुक्कर तिकडं घुसलं."

हे सगळ्यांच्या सोयीचं होतं. विहिरीवर काम करणाऱ्या माणसावर जनावरानं हल्ला केला तर सरकारी भरपाई मिळते. बबनची परवानगी राहते, बंदूक राहते, उरलेला भुईमूग राहतो. मॅडमनी कागद माझ्याकडे दिला, कारण नोंद ठेवणारा मी होतो. मी लिहिलं: हजर सहा. सहाव्याचं नाव यादीत नाही, प्रशिक्षण नाही, त्याला खिंडीत मी उभं केलं. बबन माझ्या पेनकडे बघत होता.  चालत बांधापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

खाली आणखी एक रकाना होता: जनावर कशानं मेलं. मी लिहिलं, बंदुकीचा एक बार आणि पहारीचे घाव चार. घाव सात होते. मी मोजले होते, मारतानाही मोजत होतो, ती सवय जात नाही. चौथ्यालाच ते मेलं हे मला हाताला कळलं होतं. पुढचे तीन कशासाठी मारले हे लिहायला त्या कागदावर जागा नव्हती, आणि असती तरी मी लिहिलं नसतं. सहा खरे आणि चार खोटे, अशा कागदावर माझी सही आहे.

दुपारी चार फूट खड्डा करून, चुना टाकून ते पुरलं. आठवड्यात परवानगी रद्द झाली, बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. उरलेल्या भुईमुगात पुढच्या आठ रात्री डुकरं येत राहिली. दोन पोती निघाली. बबन माझ्याशी बोलेना. मंदाला फोन करी आणि मी उचलला तर ठेवून देई.

भरपाईचा अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. मी लिहिलेली ओळच त्यात कारण म्हणून उतरवलेली होती. तो कागद घेऊन मी दवाखान्यात गेलो. सलीमभाईंवर तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया झाली होती, कातडी लावायची. शबानाभाभी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"तुम्ही खरं लिहिलं," त्या म्हणाल्या. "चांगलं केलं. तुमच्या वहीला डाग नाही लागला. पण मला सांगा, ते विहिरीवर होते असं लिहिलं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?"

मी खरोखर मोजून पाहिलं. कोणाचंच काही गेलं नसतं.

"मग तुमच्या खरेपणाचे पैसे आम्ही का भरायचे?"

बाकावर त्यांच्या शेजारी जागा होती. मी बसलो नाही. पुढे अशीच कुणी यादीबाहेरची माणसं उभी केली तर, वगैरे माझ्याकडे बोलायला होतं. ते सगळं बरोबरही होतं. पण आत एका माणसाच्या मांडीवर त्याच्याच दुसऱ्या मांडीची कातडी लावलेली होती, आणि मी एका कागदावर स्वच्छ राहिलो होतो. खोटं लिहिलं असतं तर माझी चूकही पुसली गेली असती, म्हणून मी खरं लिहिलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. ते खरं असेलही. पण ज्याची चूक त्यानंच भरायला हवी होती, आणि मी चूक कबूल करून बिल त्यांच्याकडे पाठवलं होतं.

घरी मंदाला सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली, "पीएफमधून काढा. आणि हप्त्यानं देऊ नका, हप्त्यानं दिलं की उपकार वाटतो." दवाखान्याचं बिल मी एकदम भरलं. बुडालेल्या रोजगाराचं मात्र सलीमभाईंनी एकदम घेतलं नाही. "उद्याच बरा झालो तर?" म्हणाले. म्हणून मागच्या आठवड्यांचे पहिल्या वेळी धरून दर शनिवारी काळेवाडीला जाऊन देऊ लागलो. दिवसाला सातशे, हा आकडा त्यांनीच सांगितला, दुकानाचं भाडं वजा करून. पहिले काही शनिवार भाभी पैसे घेत आणि दार लावत. नंतर दार उघडं राहू लागलं. एकदा पाणी मिळालं. चहा मिळाला तो अकराव्या शनिवारी. घोट घेण्याआधी मी क्षणभर थांबलो, आणि आतून सलीमभाई हसून म्हणाले, "साखरच आहे साहेब."

सोळाव्या आठवड्यात ते दुकानात बसले. पाय सरळ करून खोक्यावर ठेवलेला, मांडीवर तांब्याच्या तारेचं गुंडाळं. शबानाभाभी गल्ल्याजवळ उभ्या होत्या. मी शेवटचे पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजले, मग एका जुन्या बिलाच्या मागे पेन्सिलीनं काही लिहिलं, आणि गल्ल्यातून नोटा काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"हे काय?"

"शुक्रवारी दुपारनंतर शटर खाली असतं. सोळा शुक्रवार, अर्धा अर्धा दिवस. तुम्ही पूर्ण दिवसाचे दिलेत."

"राहू दे ना," सलीमभाई म्हणाले.

"का राहू दे? जे काम झालंच नसतं त्याचे घेऊ?"

मी नोटा मोजून घेतल्या. पाच हजार सहाशे, बरोबर होते. विहिरीत उतरायचं काम आता एक मुलगा ठेवून त्याच्याकडून करून घेतो, सलीमभाई म्हणाले, आपण वरून सांगायचं. मग त्यांनी मान खाली घातली आणि तार गुंडाळायला लागले. ते गोल गुंडाळताना पुटपुटत वेढे मोजत होते, म्हणून मी निरोप न घेताच उतरलो.

शेवटी दिले ते असे. दवाखान्याला एक लाख बेचाळीस हजार सहाशे. शबानाभाभींच्या हातात अठ्ठ्याहत्तर हजार चारशे, त्यातून परत आलेले वजा जाता बहात्तर हजार आठशे. पायाचे त्यांनी काही मागितले नाहीत, आणि मी काही दिले नाहीत.